आखाजीनंतरची शिवी

मला लोकांचे मेसेज वाचता येत नव्हते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हे एकच वाक्य सर्वांत जास्त वेळा बोललो आणि त्यावर एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. आमच्या कॉलनीत मी जिन्यातून उतरू लागलो की फोनवर बोलणारी माणसं बोलायची थांबत. एका सज्जनांनी तर मला पाहून फोन पाठीमागे लपवला. जणू मी फोन बघितला की आतलं सगळं माझ्या डोळ्यांत उतरणार होतं. आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नाही, आणि तो संपूर्ण गैरसमजावर उभा होता. मीही तो फार जोर लावून दूर केला असं नाही.

त्याआधी मी जळगावच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. एके दिवशी मालकांच्या लक्षात आलं की चुका तशाच ठेवल्या तरी अंक खपतो. मग त्यांना माझी गरज उरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, ऱ्हस्व-दीर्घ सोडून काहीही न येणाऱ्या माणसाला कोण घेणार? पण ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कंपनी आली होती आणि तिला अहिराणी कळणारी माणसं हवी होती. मी धुळ्याच्या देवपूरमधल्या शिकलेल्या घरातला, म्हणजे मला अहिराणी सगळी कळते आणि बोलताना घाम फुटतो. तेवढं पुरेसं होतं. परीक्षेत शिव्यांची यादी दिली होती. त्या सौम्य ते गंभीर अशा क्रमानं लावायच्या होत्या. मी क्रम लावला आणि सवयीनं दोन शिव्यांचं शुद्धलेखनही सुधारलं. मला घेतलं ते कशामुळे, हे मी अजून विचारलेलं नाही.

माझ्या ओळखपत्रावर 'वरिष्ठ विश्वास व सुरक्षा विश्लेषक' असं लिहून आलं. ते वाचून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गेटवरच्या वॉचमनकडे लक्ष द्यायला सांगितलं.

आता कामाविषयी. बायकोला समजलं होतं त्या भाषेत सांगतो. धुळ्याहून एसटीच्या पार्सलनं कुणी पोतं पाठवलं, तोंड शिवून. कंडक्टरला वजन कळतं, कुठून कुठे चाललंय ते कळतं, आत काय आहे ते कळत नाही. आमच्या कंपनीचं मेसेजचं ॲप म्हणजे तो कंडक्टर. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये शिवला जातो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये उसवतो. मधे कंपनीच्या मालकानंही ठरवलं तरी त्याला आतलं दिसत नाही. मात्र ज्याला पोतं मिळालं त्यानंच ते उघडून 'बघा साहेब, हे काय पाठवलंय' म्हटलं, म्हणजे तक्रारीचं बटण दाबलं, तर त्या गप्पांतले शेवटचे मोजके मेसेज आमच्यासमोर येत. नावं नाहीत, नंबर झाकलेले. बाहेरून दिसणाऱ्या दोनचार गोष्टी त्यासोबत असत. ग्रुपचं नाव, कोणता मेसेज कधीचा, कोणता नंबर कधी आत आला. एवढ्या उजेडात निवाडा करायचा. चालू द्यायचं, नंबर बंद करायचा, की आख्खा ग्रुप.

लोकांना वाटे मी समुद्र पाहतो. मला ओंजळभर पाणी मिळे, तेही कुणी स्वतःहून आणून दिलं तर.

आणि त्या ओंजळीत काय असायचं? बहुतेक वेळा गुलाबाचं फूल. शुभ सकाळ म्हणून पाठवलेल्या गुलाबाची तक्रार का होते, याचा शोध मला लागला नाही. जावांच्या एका ग्रुपमधून गुलाबाची रोज नेमानं तक्रार येई. मला त्या घराची आख्खी कथा कळली असं वाटे, पण हाती आलं होतं फक्त फूल. काही वेळा मात्र असं काही येई की त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत जाई. ते इथे लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे, आणि लिहिल्यानं ते कमी होत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या प्रभागातले एक दादा केळीचा घड घेऊन आले. "नाना, समोरच्या पार्टीच्या ग्रुपमध्ये एकदा डोकावून सांगा फक्त."

"दादा, मला दिसत नाही हो."

"बरोबर आहे. तुम्ही तेच म्हणणार." त्यांनी डोळा मारला. "गुप्ततेची सही केलेली असेल तुम्ही."

"सही केलीय, पण दिसतही नाही."

"असाच माणूस पाहिजे," असं म्हणून ते घड ठेवून गेले. पुढे ते निवडून आले आणि त्याचं श्रेय त्यांनी चारचौघांत मला दिलं. केळी मात्र गोड होती.

सही मी खरोखरच केलेली आहे. म्हणून पुढे जे सांगतो त्यातली वाक्यं बदललेली आहेत आणि गावांची नावं दिलेली नाहीत. मुद्दा बदललेला नाही.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना आखाजी सांगायला हवी. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात. पुरुष पत्ते कुटतात. आणि काही गावांत गौराई बोळवायला बायका नदीवर जातात तेव्हा समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका उभ्या असतात. नदी म्हणजे त्या दिवसांत वाळू आणि मधे एक डबकं. मग या काठावरून त्या काठावर शिव्या सुरू होतात. साध्या नाहीत. यमकात, हातवारे करून, बापभावांचा आणि गुराढोरांचा उद्धार करत. घसे बसतात. मग सगळ्या घरी जाऊन पुरणाची पोळी आणि आमरस खातात. मी लहानपणी हे दुरून पाहिलं होतं आणि मोठेपणी लोकसंस्कृतीवरच्या जाड पुस्तकांतून वाचलं होतं. त्यामुळे मला ते चांगलं कळतं असा माझा समज होता.

त्या वर्षीची आखाजी होऊन गेली होती. टेबलावर एक तक्रार आली. ग्रुपचं नाव 'अल्याड-पल्याड', पुढे दोन गावांची नावं. उघड होतं, नदीवर येऊ न शकलेल्या माहेरवाशिणींनी आपला नदीकाठ फोनवर थाटला होता. आमच्याआधी प्रत्येक तक्रार चाळणाऱ्या यंत्रानं लाल शिक्का मारलेला: हिंसेची धमकी, ग्रुप बंद करण्याची शिफारस. शेवटचे मेसेज समोर होते. छापण्याजोगे सांगतो.

"तुना गावनी भाकर करपेल, तुना भाऊनी मिशी झडेल."

"नदी वलांडीसन ये, टांग तोडी हातमा देसू."

"सुरतवाली यंदा ऊनी नही. घाबरनी वं, घाबरनी!"

त्यावर त्या सुरतेला दिलेल्या, यंदा नदीवर न आलेल्या सुरतवालीचं उत्तर होतं. ते छापता येणार नाही, पण यमक निर्दोष होतं. मुद्रितशोधक म्हणून मी त्याला मनोमन पूर्ण गुण दिले.

आणि सगळ्यांत खाली एक, तिलाच उद्देशून:

"सुरतवाली, झोकाना दोर आजून सोडेल नही. तू ये फक्त."

एवढंच. शिवी नाही, यमक नाही. यंत्रानं त्यावर हिरवा शिक्का मारला होता. मलाही तो बरा वाटला. भांडण झाल्यावर कुणीतरी प्रेमानं बोलावतंय, दोर सोडला नाही, झोका अजून तुझ्यासाठी ठेवलाय म्हणून. मी जवळजवळ गहिवरलो. तक्रार चुकून झाली असेल, ग्रुप चालू द्यावा, असं ठरवून मी बटणावर बोटही ठेवलं.

पण तक्रार नेमकी त्याच मेसेजवर होती. त्या सगळ्या घाणीतून कुणी तरी हाच एक स्वच्छ मेसेज निवडून दाबला होता. ज्या बाईनं वरचे सगळे हसत पचवले, तिला हा का सोसला नाही?

युनूसभाई माझ्या शेजारी बसत. ते हिंदी-उर्दूच्या तक्रारी पाहत. पूर्वी त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. ते म्हणत, "तुम्ही चुका काढायचे, मी पानं शिवायचो, आता दोघं मिळून लोकांची तोंडं शिवतो." मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "नाना, मला अहिराणी कळत नाही. पण तुम्ही घरच्या कुणाला विचारा ना. मेसेज नका सांगू. रिवाज विचारा."

फोन आत नेता येत नसे. मी लॉकरमधून फोन काढला, जिन्यात उभा राहिलो आणि धुळ्याला माझ्या आत्याला लावला. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचं माहेर म्हणजे आमचं मूळ गाव, सोनगीरच्या पुढचं. तरुणपणी नदीवर तिचा आवाज गाजलेला होता.

"अक्का, मी बोलतोय. आखाजीला नदीवर तुम्ही काय काय शिव्या द्यायच्या?"

"जेवना का?"

"जेवलो. अक्का, शिव्या."

"तुले कोनी काही बोलनं का? सून बोलनी का?"

"नाही गं. कामासाठी पाहिजे."

"शिव्यासनं काम शे तुनं? पगार देतस का?"

"देतात."

"बापनी एवढं शिकाडं ते यानाकरता!"

जिन्यातून ठिबकच्या नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन एक शेतकरी चालला होता. तो थबकला. मी आवाज खाली आणला. "अक्का, एक तरी दे ना. एकच शिवी."

"आज नही देस."

"का?"

"आखाजी व्हयी गयी ना रे! त्या दिननी शिवी त्याच दिन नदीमा जास. आज दिधी ते लागी जास. मी तुले कसाले लावू?" मग तिचा आवाज मऊ झाला. "पुढला साल ये. पोटभर देसू."

मी फोन ठेवला. शेतकऱ्यानं मला सहानुभूतीनं विचारलं, "काय भाऊ, घरचं काही?"

वर जाऊन मी तारखा पाहिल्या, ज्या मी आधीच पाहायला हव्या होत्या. वरचे सगळे मेसेज आखाजीच्या दिवसाचे होते. दोराचा मेसेज त्यानंतरचा. आणि तो ज्या नंबरवरून आला होता तो नंबर ग्रुपमध्ये आखाजी उलटल्यावर शिरला होता. खेळ संपल्यावर मैदानात आलेला माणूस. झोका आखाजी झाली की सोडतात. दोर घरात जातो. ज्यानं तो सोडला नाही आणि 'तू ये फक्त' म्हणून कळवलं, तो तिला झोका खेळायला बोलावत नव्हता.

मी गहिवरलो होतो तो या वाक्यावर!

आता प्रश्न साधा होता आणि भयंकर होता. नियमाप्रमाणे वरच्या मेसेजांसाठी ग्रुप बंद झाला असता. ग्रुपबरोबर त्या सगळ्या बायकांचे नंबर अडकले असते, त्या सुरतवालीचाही. म्हणजे जिनं जिवाच्या भीतीनं बटण दाबलं तिचाच फोन मुका. आणि दोरवाल्याला हिरवा शिक्का. पुन्हा तिनं कधी कुठलं बटण दाबलं असतं?

यंत्राच्या शिफारशीविरुद्ध जायचं तर वर टीप लिहावी लागे. वर म्हणजे हैदराबादला बसणाऱ्या नंदिता मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार, आणि दर वाक्याला पुरावा मागणाऱ्या. मी टीप लिहायला घेतली. आयुष्यभराचं वाचन कामी आणायची अशी संधी पुन्हा कधी येणार? मी कृषिसंस्कृतीपासून सुरुवात केली. गौरीच्या उपासनेवरून शिवीच्या विधिरूपाकडे आलो. दोन परिच्छेद झाले, नदी अजून यायची होती. इंग्रजीतले स्वल्पविराम मी दोनदा तपासले.

युनूसभाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं. "नाना, ती बाई सुरतेत आहे ना?"

"हो."

"तुमचं हे वाचून होईपर्यंत ती गाडीत बसेल." त्यांनी खुर्ची ओढली. "आधी भीती लिहा. संस्कृती मागून पाठवा."

मग मी तीन वाक्यं लिहिली. वरचे मेसेज सणाचा खेळ आहेत, दिवस तपासा. शेवटचा मेसेज जीव घेण्याची धमकी आहे, दोर झोक्याचा नाही. ग्रुप बंद केलात तर शिक्षा तक्रार करणारीला होईल. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं गद्य, आणि त्यातला निम्मा वाटा पुस्तकं शिवणाऱ्याचा.

मॅडमचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

"काका, आप कह रहे हैं कि टांग तोड़ना ठीक है, और झूला धमकी है?"

"हां जी."

"नदी सच में है?"

"है. पानी नहीं है."

"और ये औरतें हर साल एक-दूसरे को ऐसा बोलती हैं? बाद में?"

"बाद में आम का रस पीती हैं."

त्यांनी टीप पुन्हा वरून वाचायला घेतली. मला वाटलं, गेलं. मग त्यांनी विचारलं, "आपको कैसे पता कि दूसरे दिन नहीं बोलते?"

माझ्या कपाटातल्या एकाही जाड पुस्तकात हे नव्हतं. "मैडम, मैंने अपनी बुआ से एक गाली मांगी. उन्होंने नहीं दी."

त्या हसल्या नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं कायम नोंदवून ठेवलं आहे. त्यांनी दोरवाला नंबर बंद केला, ग्रुप चालू ठेवला आणि प्रकरण जिवाला धोका असलेल्या तक्रारी पाहणाऱ्या वेगळ्या पथकाकडे पाठवलं. त्या पथकानं पुढे काय केलं, पोलिसांना कळवलं का, ती बाई कोण, तो भाऊ होता, नवरा होता की दीर, हे आम्हाला कळत नसे. कळवायचंच नाही असा नियम होता. माझ्या पडद्यावर एकच शब्द आला: 'निकाली'. मी मुद्रितशोधक होतो तेव्हा पान पाठवल्यावर निदान सकाळी छापलेला अंक तरी हातात यायचा.

मला झोप लागेना असं काही झालं नाही. मी उलट जास्त झोपायला लागलो, जे बायकोच्या मते वाईट लक्षण होतं. शेवटी एका दुपारी युनूसभाईंना म्हटलं, "ग्रुपच्या नावात दोन्ही गावं आहेत. रविवारी एसटीनं जाऊन येतो. नुसतं बघून येतो."

"काय बघणार?"

"बरी आहे का ती."

"कुणाला विचारणार? पारावर बसून म्हणणार, तुमच्या गावची सुरतेला दिलेली पोरगी कोण, जिनं तक्रार केली?" त्यांनी डब्यातली शेवभाजी माझ्याकडे सरकवली. "नाना, तिनं बटण दाबलं ते कुणाला कळणार नाही या भरवशावर. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलेले. तुम्ही तिच्या दारात पोहोचलात की तो भरवसा संपला."

मी गेलो नाही. लोक मला सर्वज्ञ समजत होते आणि मला जे एक जाणून घ्यायचं होतं ते न जाणणं हीच माझी नोकरी होती. रविवारी कॉलनीतल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "नाना, हल्ली काय काय दिसतं मग?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

वर्ष गेलं. दरम्यान यंत्र अधिक हुशार झाल्याचं आम्हाला सांगण्यात आलं आणि त्याच्या हुशारीच्या चुका निस्तरताना आमचं काम वाढलं. पुन्हा आखाजी आली. मी अक्काकडे जाऊन पोटभर शिव्या खाणार होतो, पण सुट्टी मिळाली नाही. सणाच्या दिवशी अहिराणीला तेजी असते.

दुपारी एक तक्रार आली. 'अल्याड-पल्याड', पुढे तीच दोन गावं. जुना कागद पाहायची सोय नव्हती. ठरावीक मुदतीनं सगळं पुसलं जाई, आणि ते योग्यच होतं. यंत्रानं लाल शिक्का मारला होता, गेल्या वर्षीपेक्षा गडद. कुणी चुकून दाबलं असावं किंवा कुणाच्या नव्या सुनेनं घाबरून. मेसेज वाचले. मिशा, भाकरी, म्हशी, सगळं जागच्या जागी होतं. मग एकीनं लिहिलेलं:

"सुरतवाली, औंदा बी फोनवरच भुंकशी का?"

आणि त्याखाली, शेवटचा मेसेज:

"फोन खाल ठेव आनि नदीकडे दख. काठवर उभी शे मी. दम व्हयी ते ये!"

पुढे एक शिवी होती. यमक निर्दोष.

ती तीच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. सुरतेला दिलेल्या मुली गावोगाव आहेत, नंबर झाकलेला होता आणि माझी स्मरणशक्ती आदल्या दिवशी दूध आणायला विसरली होती. पुरावा म्हणून हे कुठल्याच कचेरीत टिकणार नाही. मी खात्री म्हणून तारीख पाहिली, आणि मग पुन्हा एकदा पाहिली.

'कारवाई नको' दाबलं. खाली कारण लिहायचा चौकोन उघडला. या वेळी मी कृषिसंस्कृतीला हात लावला नाही. लिहिलं, 'आज आखाजी आहे.'

नंदिता मॅडमनी एकही प्रश्न न विचारता मंजूर केलेली माझी ती एकमेव टीप.